एकही ठिपका नसलेलं मांजर मोजताना

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजलेत, एवढ्याच भांडवलावर मी कॅलिफोर्नियात कूगरच्या अभ्यासाला गेले. कूगर, प्यूमा, माउंटन लायन ही मार्जारकुळातल्या एकाच मोठ्या प्राण्याची नावं. शास्त्रीय नावातल्या ‘कॉनकलर’चा अर्थ एकरंगी, आणि घोडं नेमकं तिथेच अडतं. वाघाचे पट्टे, बिबट्याचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे, म्हणून फोटोवरून कोण कोणता ते ठरवता येतं. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंतांनी कर्नाटकातल्या नागरहोळेचे वाघ कॅमेऱ्यांनी मोजले ते याच आधारावर. कूगरचं अंग मात्र कोरं. ठिपके असतात फक्त पिल्लांना, आणि संख्येच्या अंदाजात बहुतेकदा पिल्लं धरतच नाहीत!

पहिल्याच महिन्यात माझ्या एका कॅमेऱ्यात ४१ फोटो आले. मी हरखून माझ्या मार्गदर्शक बाईंना सांगायला गेले. त्यांनी एवढंच विचारलं, “फोटो एकेचाळीस. मांजरं किती?” बहुधा एकच नर रोज त्याच वाटेनं फिरत होता.

मग कॉलर, म्हणजे काही कूगरच्या गळ्यात घातलेला, ठावठिकाणा कळवणारा पट्टा, कामी येते. समजा, टापूत ६ कॉलरवाले कूगर आहेत. कॅमेऱ्यांसमोर १५ वेळा कूगर आला, त्यात ५ वेळा गळ्यात कॉलर दिसली. म्हणजे तिघांत एक कॉलरवाला, म्हणून एकूण साधारण १८. कागदावर सोपं आहे. पण नराचा वावर शेकडो चौरस किलोमीटरचा. तो अर्धा वेळ आपल्या टापूबाहेर असला तर त्याला पूर्ण मोजायचं का? म्हणून कोण कुठे दिसला हेही गणितात घ्यावं लागतं. असा अभ्यास करायला जायचं असेल तर संख्याशास्त्र आणि ‘आर’ ही त्यासाठीची संगणकप्रणाली इथून निघण्याआधीच शिका. मी तिथे जाऊन शिकले आणि एक सत्र रडले.

दुसरा मार्ग विष्ठेतल्या डीएनएचा. उन्हापावसात तो लवकर खराब होतो, त्यामुळे ताजी विष्ठा शोधत डोंगर तुडवायचे. बॉबकॅट या लहान रानटी मांजराची विष्ठा कूगरची समजून मी किती पाकिटं भरली, ते विचारू नका. हुंगून शोधणारे प्रशिक्षित कुत्रे यात आपल्यापेक्षा हुशार.

कॅलिफोर्नियात १९९० पासून कूगरच्या शिकारीला बंदी आहे, त्यामुळे शिकारीच्या नोंदींचा आधार मिळत नाही. वर्षानुवर्षं ‘चार ते सहा हजार’ हा आकडा तोंडोतोंडी होता. कॉलर आणि डीएनएवर बेतलेला अलीकडचा अंदाज साडेचार हजारांच्या आत आला, तेव्हा ओळखीच्यांनी विचारलं, “कमी झाले का गं?” कमी झाले की नाही, हे त्यावरून कळत नाही, दोन्ही आकड्यांमागची पद्धतच वेगळी. शिवाय राज्याच्या बेरजेत लॉस एंजेलिसजवळचे सांता मोनिका डोंगर लपून जातात. तिथले मोजके कूगर महामार्गांनी कोंडलेत, आपसातल्या प्रजननामुळे काहींच्या शेपट्यांना बाक आलाय.

मुलाखतीत मला वाहन चालवता येतं का, हे आधी विचारलं होतं. कच्च्या रस्त्यावर, चारचाकी, एकटीनं. तेवढा सराव करूनच जा.