रात्रगाडीत वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस साजरा करताय? आधी या चुका टाळा

नागपूरहून मुंबईला जायला विमान आहे, आता 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्गही पूर्ण झालाय. तरीही आईबाबांचा पन्नासावा लग्नाचा वाढदिवस किंवा काकांची साठी रात्रगाडीच्या फर्स्ट एसीत साजरी करावी असं कुणी म्हटलं की मला फार आनंद होतो. बंद होणारं दार, खिडकीबाहेर पळणारा विदर्भ आणि हातात निवांत रात्र, हे सुख दुसरीकडे मिळत नाही. ओळखीतले लोक तिकिटाआधी मला विचारतात, आणि मी सांगितलेलं निम्मं ऐकतात. मग त्याच त्या चुका होतात.

कूपे मिळणारच असं धरून चालणं

ही चूक सगळ्यांत जास्त होते आणि सगळ्यांत जास्त रडवते. फर्स्ट एसीचं तिकीट काढलं की त्यावर नुसतं कन्फर्म येतं, बर्थ नंबर येत नाही. दोघांचा कूपे (दोनच बर्थची बंद खोली) मिळणार की चौघांची केबिन, हे गाडी सुटण्याआधी बर्थवाटपाचा चार्ट लागताना ठरतं. बुकिंगच्या वेळी कूपेची पसंती टाकता येते, पण ती पसंतीच असते, हक्क नव्हे. त्यातून बऱ्याच गाड्यांना फर्स्ट एसीचा अख्खा डबा नसतो. अर्धा फर्स्ट आणि अर्धा सेकंड असा जोड डबा असतो. त्यात कूपे किती असणार?

एका ओळखीच्या काकांच्या साठीचा प्रसंग सांगतो. मुलीनं पुण्यातून बाबांचं तिकीट काढलं, मुलानं बंगळुरूहून आईचं. दोघांनाही आपल्या हातून भेट द्यायची होती, म्हणून पीएनआर, म्हणजे बुकिंगचे नंबर, झाले दोन. चार्ट लागला तेव्हा काका एका केबिनमध्ये, काकू दुसऱ्या. काकूंच्या केबिनमध्ये तीन अनोळखी पुरुष, कामाच्या फाइली घेऊन बसलेले. काकांच्या समोरच्या बर्थवर गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते, त्यांना हलायला कोण सांगणार? काकू सांबारवडीचा डबा मांडीवर घेऊन तशाच बसलेल्या आणि नवा सदरा घातलेले काका पॅसेजमधून येऊन पडद्याआडून विचारताहेत, "जेवलीस का तू?" टीटीई भला माणूस होता, त्यानं दोनदा फेरी मारून पाहिलं, पण डबा भरलेला होता. मुलं मात्र दोन्हीकडून फोन करत होती, "फोटो पाठवा ना!"

म्हणून माझा हट्ट आहे, सगळी तिकिटं एकाच पीएनआरवर. पैसे कोणी द्यायचे ते घरी बसून ठरवा. मी स्वतः त्याही पुढे जातो: दोघांऐवजी चौघं जा. व्याही-विहीण घ्या, भाऊ-वहिनी घ्या आणि चौघांचं एकत्र बुकिंग करा. अख्खी केबिन आपली होण्याची शक्यता खूप वाढते आणि गप्पाही रंगतात. दोघंच जाणार असतील तर किंग्जवेवरच्या मंडळ कार्यालयात वाणिज्य विभागाकडे पीएनआरची प्रत जोडून, प्रसंग लिहून साधा अर्ज द्या. तोही चार्ट लागायच्या आत, शक्यतो आदल्या दिवशी. मिळेलच असं नाही, पण अर्ज न देणाऱ्यापेक्षा देणाऱ्याची बाजू बरी. "पाचशे जास्त द्या, कूपे पक्का करून देतो" म्हणणाऱ्या माणसाच्या नादी लागू नका. जे त्याच्या हातात नाही ते तो विकतोय.

शेवटच्या आठवड्यात जागं होणं

फर्स्ट एसीला तत्काळ नाही आणि आरएसी, म्हणजे अर्ध्या बर्थवर बसून जायची सोय, तीही नाही. वेटिंग लागलं आणि पुढे सरकलं नाही तर कार्यक्रम रद्द. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण प्रवासाचा दिवस सोडून 60 दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. तारीख वर्षभर आधी माहीत असते, मग साठाव्या दिवशी सकाळी आठला मोबाईल हातात घ्यायला काय हरकत आहे? ज्येष्ठांची सवलत धरून हिशोब करू नका, ती मार्च 2020 पासून बंद आहे.

गाडी कुठून येते हे न बघणं

नागपूर हावडा–मुंबई मार्गावर आहे, त्यामुळे कोलकात्याकडून येणाऱ्या गाड्या आपल्यापर्यंत पोचेपर्यंत कधीकधी तासन्‌तास उशीर करतात. म्हाताऱ्या माणसांना नटवून फलाटावर बसवून ठेवायचं नसेल तर नागपूरहूनच सुटणारी गाडी घ्या. मुंबईसाठी मी दुरांतोच सांगतो. रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास सुटते आणि सकाळी सीएसएमटी.

मेणबत्ती

इथे मला खरोखर राग येतो. सांगून सांगून थकलो, तरी कुणाच्या ना कुणाच्या पिशवीतून मेणबत्ती निघतेच. "एकच तर आहे ना भाऊ, काही नाही होत!"

होतं. एका रात्री मी शेजारच्या केबिनमध्ये होतो. पंचविसाव्या वाढदिवसाचा केक होता, आणि मेणबत्तीबरोबर कुणीतरी ती ठिणग्या उडवणारी नळीही खोचली होती. बंद केबिन, एसी सुरू, धूर जाणार कुठे? एलएचबी म्हणतात त्या नव्या बनावटीच्या वातानुकूलित डब्यांत धूर ओळखणारी यंत्रणा असते. तिला धूर लागला की भोंगा वाजतो आणि गाडीला आपोआप ब्रेक लागतात. तसंच झालं. गाडी दोन स्टेशनांच्या मधे अंधारात उभी राहिली. अटेंडंट अग्निशामक नळकांडं घेऊन धावत आला. दार उघडलं तर पोरगी हातात प्लास्टिकची सुरी घेऊन तशीच उभी, केकवर काजळी आणि तिची आजी खोकतेय. पुढे आरपीएफ म्हणजे रेल्वेचे पोलीस, आधार कार्डं, जबाब. केक कुणी खाल्ला नाही.

स्पार्कलर, फटाके असल्या वस्तू गाडीत नेणं रेल्वे कायद्याच्या कलम 164 खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण मला दंडापेक्षा डब्यातल्या बाकीच्या झोपलेल्या माणसांची काळजी वाटते. ओवाळायचं असेल तर घरून निघताना देवापुढे ओवाळा. गाडीत अक्षता आणि कुंकू पुरे. सजावट म्हणून मोगऱ्याचे गजरे न्या, सगळी केबिन दरवळते आणि भिंतीला चिकटपट्टीही लावावी लागत नाही.

क्रीमचा केकही नको. मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या पुढे जातो, स्टेशनपर्यंत पोचेस्तोवर त्याचं पाणी होतं. संत्रा बर्फीचा डबा न्या, तिच्यावरच नाव लिहून घ्या.

रात्री बाराचा हट्ट

बाराला दुरांतो साधारण अकोल्याच्या आसपास असते आणि डबा झोपलेला असतो. रात्री दहानंतर मोठ्यानं बोलणं, स्पीकर लावणं नियमातही बसत नाही. गाडी सुटल्यावर जेवणाआधीचा तास तुमचा. जे करायचं ते तेव्हाच उरका. बाराला टाळ्या वाजवणारी तरुण मंडळी मला अजिबात आवडत नाहीत. दारूबद्दल तर बोलायलाच नको, रेल्वे कायद्याचं कलम 145 त्यासाठीच आहे.

डेक्कन ओडिसी एका रात्रीसाठी शोधणं

पॅलेस ऑन व्हील्स 1982 पासून, आपली डेक्कन ओडिसी 2004 पासून आणि महाराजाज एक्सप्रेस 2010 पासून धावते. या सहलीच्या गाड्या आहेत. अनेक रात्रींचं पॅकेज, दिवसा स्थळदर्शन आणि खर्च लाखांत. नागपूरला बसून सकाळी मुंबईत उतरायचं असेल तर त्यांचा उपयोग नाही. ऐपत आणि आठवडाभर वेळ असेल तर जरूर जा, पण फर्स्ट एसीकडून तसल्या थाटाची अपेक्षा करू नका. आंघोळीची सोय असेल असंही समजू नका.

उतरल्यावरचा विचार न करणं

सकाळी आठच्या सुमारास मुंबईत उतरलात आणि हॉटेलची खोली दुपारी मिळणार असेल तर रात्रीची सगळी मजा सामान सांभाळण्यात जाते. बुकिंग करतानाच हॉटेलला फोन करून सकाळी खोली मिळेल का ते विचारा, जास्तीचे पैसे मागितले तर द्या. नाहीतर सीएसएमटीवरची रिटायरिंग रूम पाहा. ती कन्फर्म पीएनआरवर आयआरसीटीसीवरून घेता येते, आणि तिकीट निघालं की लगेच तीही बघून टाका.