नाशिकच्या थंडीत परदेशी बोन्साय : या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात मी फायकसचं एक बोन्साय आणलं होतं. रताळ्यासारखी फुगलेली मुळं, वर चकचकीत पानांचा झुपका, खाली निळी चिनी कुंडी. 'जिनसेंग' म्हणून विकतात ते. गच्चीवर ठेवलं आणि जानेवारी संपायच्या आत ते गेलं. त्या आठवड्यात निफाडचा पारा रोज पेपरात येत होता, त्यामुळे थंडीनं मेलं असं मी ज्याला त्याला सांगत सुटले.

खरं कारण मामानं काढलं. मामाची पिंपळगावकडे द्राक्षबाग आहे. कडाक्याच्या रात्री तो पहाटे उठून ठिबक सोडतो, बांधाला शेकोट्या पेटवतो. मी लहानपणापासून हे पाहिलेलं. त्यामुळे थंडी वाढली तशी मीही पहाटे पाचला उठून गच्चीवरच्या टाकीच्या नळानं बोन्सायला पाणी घालत होते. मामाला हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. "अगं, माझं पाणी विहिरीचं. पहाटे हात घातला तर कोमट लागतं. तुझी टाकी रात्रभर उघड्यावर गारठलेली. तू त्या झाडाला बर्फाचं पाणी पाजलंस!"

इथूनच सुरुवात करू, कारण नाशिकमध्ये ही चूक करणारी मी एकटी नाही.

बागेचा उपाय कुंडीला लावणं

जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचं असतं, म्हणून थंडीत ते हाताला ऊबदार लागतं. ते बागेत सोडलं की मुळांजवळची जमीन थोडी तापते, आणि ओली जमीन दिवसाची ऊब कोरड्या जमिनीपेक्षा जास्त वेळ धरते. जास्तीचं पाणी खोल मुरतं. बोन्सायच्या कुंडीत यातलं काहीच घडत नाही. दोन-तीन इंच खोलीची ती थाळी चहूबाजूंनी वारं खाते आणि गच्चीच्या फरशीइतकीच गार होते. गार मातीत मुळं पाणी ओढत नाहीत. न ओढलेलं पाणी तिथंच साचतं, मुळांना हवा मिळत नाही, ती काळी पडून कुजतात. मग वरची पानं कोमेजतात, आपल्याला वाटतं झाड तहानलंय, आणि आपण आणखी एक तांब्या ओततो. बहुतेक झाडं या शेवटच्या तांब्यानं मरतात.

डिसेंबर-जानेवारीत पाणी नऊ-दहाच्या सुमाराला, कुंडीवर ऊन आल्यावर घाला. टाकीचं पाणी आदल्या संध्याकाळी बादलीत भरून घरात ठेवलं की झालं. आणि रोज घालायचं नाही. खराट्याची एक काडी मातीत दीड इंच खुपसून पाच मिनिटांनी काढा. ओलसर, काळपट आली तर आज सुट्टी. पंधरा दिवसांत कुंडी नुसती उचलूनही अंदाज यायला लागतो.

दिवाळीनंतर खरेदी

परदेशी बोन्साय आपल्यापर्यंत कसं येतं हे माहीत असलं की निम्म्या चुका टळतात. फायकस, चिनी एल्म, कार्मोना ही झाडं मुख्यतः चीनमधून येतात. झाडं आयात करताना १९१४च्या कीड-रोगविषयक कायद्याखालचा २००३चा वनस्पती विलगीकरण आदेश लागू होतो. त्यानुसार आयातीचा परवाना लागतो, निर्यात करणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि झाडासोबत माती आणायला बंदी आहे. म्हणजे ज्या मातीत ते झाड वर्षानुवर्षं वाढलं ती तिकडेच धुऊन टाकली जाते आणि मुळं कोकोपीटसारख्या (म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशासारख्या) माध्यमात भरली जातात. मग बंद कंटेनरमध्ये अंधारातला प्रवास. नर्सरीत पानं चमकताना दिसतात तेव्हा खाली मुळं अजून सावरत असतात.

अशा झाडाला आल्या आल्या निफाडची थंडी दाखवणं म्हणजे बाळंतिणीला नळाखाली बसवणं. खरेदी करायची तर फेब्रुवारी संपताना किंवा सरळ पहिल्या पावसात करा. पावसाळाभर मुळं धरली की तेच झाड पुढची थंडी निमूटपणे काढतं. भेट म्हणून आलं, किंवा मोह आवरला नाही, तर निदान आधीचे दोन-तीन महिने झाड कुणाकडे, कुठे उभं होतं ते विचारा. नर्सरीवाला "कालच गाडी उतरली" असं कौतुकानं सांगत असेल, तर ते कौतुक नाही.

घेताना खोड धरून अगदी हलकं हलवा. कुंडीत लटपटत असेल तर ठेवून द्या. वर पांढरे खडे डिंकानं चिकटवलेले असतील तर घरी आल्यावर पहिलं काम ते पक्कडीनं उपटायचं, नाहीतर खाली ओल आहे की कोरड हे कधीच कळणार नाही. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, द्राक्षवाल्यांच्या घरात त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. फायकसचं कोवळं पान पुडीसारखं मधोमध दुमडलेलं दिसलं तर उलगडून पाहा, आत काळे बारीक फुलकिडे असतात. अशी पानं तोडून पिशवीत बांधून टाका.

एक गंमत म्हणजे हे 'जिनसेंग' फायकस म्हणजे आपलं नांद्रुक. रस्त्याकडेला सावलीसाठी लावतात तेच. खालचं फुगीर मूळ बियांपासून वाढवलेल्या झाडाचं आणि वर लहान पानांच्या जातीचं कलम, असं ते बऱ्याचदा असतं. थंडीत वरचं कलम गेलं आणि उन्हाळ्यात बुंध्यातून मोठ्या पानांचे धुमारे आले की लोक म्हणतात झाड वाचलं. वाचलं खरं, पण तुम्ही विकत घेतलेलं नव्हे, त्याच्या खालचं. कलमाच्या सांध्याखालचे फुटवे दिसतील तेव्हा खुडत राहायचं, ते वरच्याचा घास खातात.

मेपलचा हट्ट

लाल पानांचं जपानी मेपल पाहून "नाशिक थंड आहे, इथं जगेल" असं बऱ्याच जणांना वाटतं. आपली थंडी रात्रीची असते. पहाटे आठ-दहा अंश, निफाडकडे कधी पाचच्याही खाली, आणि त्याच दिवशी दुपारी अठ्ठावीस. मेपलला पानं झाडून काही आठवडे सलग गार झोप लागते. आपल्याकडे ते रात्री डोळा मिटतं आणि दुपारी दचकून उठतं. असं एक-दोन वर्षं रेटतं, प्रत्येक वसंतात थोडं कमी फुटतं, आणि एखाद्या एप्रिलच्या उन्हात कडेनं करपत जातं. महाबळेश्वरची गोष्ट वेगळी असेल. नाशिकमध्ये मी ते घेणार नाही.

चिनी एल्म मात्र मनमिळाऊ. थंडी पडली तर पानं टाकतं, नाही पडली तर ठेवतं, आणि दोन्हीचा राग धरत नाही. जुनिपर या सूचिपर्णी झाडालाही आपल्या थंडीचं काही वाटत नाही. कार्मोना सगळ्यात नाजूक. पारा दहाच्या खाली जायला लागला की त्याला आडोसा हवाच.

घरात नेऊन ठेवणं

"बाहेर गारठतंय" म्हणून झाड दोन-अडीच महिने टीव्हीशेजारी नेऊन ठेवणं ही मायेची चूक. घरात ऊब असते, पण उजेड नसतो. आपल्या डोळ्यांना लख्ख वाटणाऱ्या खोलीत झाडाला बाहेरच्या सावलीपेक्षाही कमी उजेड मिळतो. त्यात हिवाळ्याची कोरडी हवा, वर पंखा किंवा हीटर. फायकस पानं गाळून निषेध तरी नोंदवतं. जुनिपर काहीच बोलत नाही.

नेआण करायचीच तर रोजची करा. संध्याकाळी आत, सकाळी आठला पुन्हा उन्हात. कुंड्या जास्त असतील तर हे जमत नाही, तेव्हा जागा निवडा. उघड्या आकाशाखाली रात्री ऊब सरळ वर निघून जाते, म्हणून गच्चीच्या मध्यावरची कुंडी सगळ्यात गार पडते. तीच कुंडी छज्ज्याखाली, दिवसभर तापलेल्या पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीला टेकवून ठेवली तर रात्रीचा मार बराच कमी होतो. फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर किंवा थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवा. सगळ्या कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या तर आणखी बरं. फारच कडाका असेल त्या रात्री जुनं सुती लुगडं काठ्यांवर तंबूसारखं टाकायचं आणि ऊन आलं की काढायचं. प्लॅस्टिक टाकत असाल तर ते पानांना टेकू देऊ नका. जिथं टेकतं तिथं सकाळी पान काळं पडलेलं असतं.

शेकोटी गच्चीवर करू नका. हे सांगावं लागतंय, कारण आमच्या सोसायटीत एकानं केली होती.

पानं गळली की घाबरणं

जागा बदलली, थंडी पडली, उजेड कमी झाला की फायकस पानं टाकतं. आठवड्यात निम्मं झाड उघडं होतं आणि मालकाचे हात शिवशिवायला लागतात. खत, औषध, कुंडी बदल, सगळं एकदम. आधी गळणारी पानं नीट बघा. पिवळी होऊन किंवा हिरवीच, नुसत्या स्पर्शानं टपकन पडत असतील तर फांदी जिवंत आहे. पान टाकायचं काम जिवंत फांदीच करते. पानं वाळून कुरकुरीत झाली आणि तरी फांदीला चिकटूनच राहिली, तर ती फांदी पान सोडायला सवड न मिळता गेली. मग नखानं साल जराशी खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर थांबा. तपकिरी, कोरडं दिसलं तर खाली खाली खरवडत जा आणि जिथं हिरवं लागेल तिथवर छाटा, पण छाटणी थंडी सरल्यावर.

पानं कमी झालेलं झाड पाणीही कमी पितं. हे लक्षात न ठेवल्यानं पानगळीतून वाचलेली झाडं मुळं कुजून जातात. खत डिसेंबर-जानेवारीत फायकसला आणि कार्मोनाला अजिबात नको, गांडूळखताची मूठसुद्धा नको. भुकेलं नसलेल्याला वाढून काय उपयोग?

कोकोपीटमधलं झाड थंडीत सारखं ओलंच राहतंय, असं दिसलं तरी मुळं मोकळी करायची घाई नको. कुंडीच्या एका कडेखाली विटेचा तुकडा सरकवा. थाळी तिरकी झाली की साचलेलं पाणी भोकाकडे उतरतं. तळाची भोकं बुजली असतील तर खालून काडी घालून मोकळी करा. एवढ्यावर हिवाळा निघतो.

कुंडी बदलायची ती महाशिवरात्रीनंतर. त्या दिवशी थंडी 'शिव शिव' म्हणत जाते असं आपल्याकडे म्हणतात आणि नांद्रुकाच्या शेंड्याला नवी टोकं साधारण तेव्हाच दिसायला लागतात. नव्या मातीऐवजी विटांचा चुरा चाळून तीन ते पाच मिलिमीटरचे खडे घ्या, धूळ फेकून द्या, त्यात कुजलेलं शेणखत थोडंसं. सगळं कोकोपीट एकाच वर्षी धुऊन काढू नका. एका वर्षी कडेकडेचं, पुढच्या वर्षी आतलं. पहिले दोन-तीन आठवडे सावलीत ठेवायचं.

आता जुनिपरबद्दल, कारण ते राहून जातं. जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं. जानेवारीत घरात, काचेच्या टेबलावर मेलेलं झाड मार्चमध्ये तपकिरी होतं आणि दोष उन्हाळ्यावर जातो. म्हणून त्याच्याकडे नुसतं बघू नका, टोक दोन बोटांत हलकं चोळा. मऊ, लवचीक लागलं आणि चुरगळल्यावर वास आला तर ठीक. खरखरीत होऊन चुरा पडत असेल तर हिरव्या रंगावर विसंबून पाणी घालत बसू नका, आणि पुढचं जुनिपर पहिल्या दिवसापासून गच्चीवर ठेवा.