तलवारबाजीच्या गेमचे पहिले काही तास कसे खेळावेत

तलवारबाजीचा गेम पहिल्यांदा सुरू केल्यावर बहुतेकांचे बोट आपोआप हल्ल्याच्या बटणाकडे जाते, आणि अर्ध्या तासात चारपाच वेळा मरण आले की 'हा गेम फार अवघड आहे' असे मत बनते. माझ्या अनुभवात हे मत बहुधा घाईचे ठरते. या प्रकारच्या चांगल्या गेमचा गाभा वार करण्यात नसून समोरचा वार ओळखण्यात आणि परतवण्यात असतो, त्यामुळे बचाव हाताला बसेपर्यंत गेमची खरी ओळख होतच नाही. ही ओळख कशी करून घ्यावी हे 'सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस' या गेमच्या आधारे सांगतो. फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली तयार केलेला हा गेम मार्च २०१९ मध्ये आला. जपानच्या सेंगोकू या आपापसातील युद्धांच्या काळाच्या अखेरीस, आशिना नावाच्या काल्पनिक प्रांतात तो घडतो आणि त्यात काठिण्यपातळी निवडण्याची सोय नाही.

खेळायला बसण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. टीव्हीवर खेळणार असाल तर त्याच्या सेटिंग्जमधील 'गेम मोड' चालू करावा, कारण चित्र अधिक सुबक करण्याच्या प्रक्रियेत टीव्ही प्रत्येक दृश्य किंचित उशिरा दाखवतो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे सुटी चित्रे, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची असते. अशा चारपाच फ्रेम उशिरा दिसल्या तरी अचूक वेळी दाबलेले बटण चुकीच्या वेळी दाबल्यासारखे होते. दुसरे म्हणजे ब्लूटूथ हेडफोनऐवजी वायरचा हेडफोन किंवा टीव्हीचे स्पीकर वापरावेत, कारण ब्लूटूथवर आवाज मागे पडतो आणि या गेममध्ये कानावर बरेच काही अवलंबून असते.

आधी अडवा, मग परतवा

सेकिरोमध्ये प्रत्येक योद्ध्याच्या जीवशक्तीच्या पट्टीबरोबर त्याच्या तोलाचीही पट्टी असते. ती पूर्ण भरली की तोल जातो आणि एका घावात निर्णायक प्रहार करता येतो. बहुतेक मोठ्या बॉसना, म्हणजे मुख्य बलाढ्य शत्रूंना, मात्र असे दोन किंवा अधिक प्रहार लागतात. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर एल१ बटण धरून ठेवले की वार नुसता अडवला जातो आणि आपलाच तोल ढळत जातो. तेच बटण शत्रूची तलवार अंगावर पोहोचण्याच्या क्षणी दाबले की वार परतवला जातो आणि त्याचा ताण शत्रूच्या तोलावर पडतो. अचूक परतवलेल्या वाराने आपली पट्टी भरत आली तरी तोल कधीच सुटत नाही. ही एक गोष्ट समजली की भीती निम्म्याने कमी होते.

हा सराव गेममधील पडक्या मंदिराबाहेर उभ्या असलेल्या हानबेई नावाच्या योद्ध्यासमोर करावा. तो मरत नाही आणि सरावासाठी स्वतःहून उभा राहतो. पहिली दहा मिनिटे हल्ल्याचे बटण अजिबात दाबू नये. त्याच्या पात्याकडे न पाहता खांद्याकडे आणि कोपराकडे पाहावे, कारण वाराची सुरुवात तिथे आधी दिसते. नुसता अडवलेला वार बोदा, दबका आवाज करतो, तर अचूक परतवलेल्या वारातून मोठी ठिणगी उडते आणि खणखणीत, लांब घुमणारा नाद येतो. मला पहिल्या दिवशी हा फरक डोळ्यांपेक्षा कानांनी आधी कळला. सलग तीन वार त्याच नादाने परतले तेव्हा हा गेम युद्धाइतकाच तालाचा आहे हे मनोमन पटले. एक सावधगिरी मात्र हवी: घाबरून बटण भराभर दाबत राहिल्यास परतवण्यासाठी मिळणारा अवधी आखडत जातो, म्हणून प्रत्येक वाराला एकदाच आणि ठामपणे दाबावे.

लाल अक्षर दिसल्यावर

पडद्यावर 'धोका' अशा अर्थाचे लाल जपानी अक्षर चमकले की साधा बचाव पुरत नाही. वार तीन प्रकारचा असू शकतो आणि प्रत्येकाला वेगळे उत्तर आहे: पायांवरून फिरणारी तलवार असेल तर उडी मारावी, पकडायला हात पुढे आले तर दूर सरकावे आणि थेट भोसकणारा वार असेल तर मागे न पळता त्याच्या दिशेने पुढे सरकून पाते पायाखाली दाबावे. या शेवटच्या डावाला मिकिरी म्हणतात. नवे डाव शिकण्यासाठी खर्चायचा कौशल्याचा पहिला गुण मिळताच तो मिकिरीवरच खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अक्षर पाहून लगेच हालचाल करू नये, हत्यार कोणत्या दिशेने निघाले हे पाहण्यापुरते थांबावे.

बचाव जमू लागला की हल्ल्याकडे वळावे, पण दूर पळून दम घेण्याची सवय सोडावी. आपण दूर गेलो की शत्रूचा तोल सावरतो. उलट त्याची जीवशक्ती घटलेली असेल तर तो सावरण्याचा वेग मंदावतो. म्हणून दोनतीन वार करावेत, त्याने आपला वार परतवल्याचा नाद आला की लगेच बचावाच्या बटणावर यावे, आणि तिथून पुन्हा हल्ला सुरू करावा. मेल्यावर जवळचे निम्मे पैसे आणि पुढील गुणासाठी साठवलेला निम्मा अनुभव सहसा जातो, मात्र पूर्ण झालेला गुण जात नाही; तेव्हा बॉसपुढे जाण्यापूर्वी एखादा गुण पूर्ण होण्याच्या बेतात असेल तर तो आधी पूर्ण करावा.

दुसरा गेम हाती घेतल्यास हीच रीत वापरावी, पण नियम नव्याने पाहावेत. २०२० च्या 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'मध्ये तलवारवाला, ढालवाला आणि भालेवाला यांच्यासाठी वेगवेगळे पवित्रे आहेत, तर २०१७ च्या 'फॉर ऑनर'मध्ये वर, डावीकडे आणि उजवीकडे अशा तीन दिशांपैकी योग्य दिशेला हत्यार धरावे लागते.

तीनेक तास खेळून झाल्यावर सेकिरोमधील विसाव्याच्या मूर्तीपाशी विसावा घ्यावा, म्हणजे आधी मारलेले साधे सैनिक पुन्हा उभे राहतात. ज्या सैनिकाने सुरुवातीला मारले होते त्याच्याकडे परत जावे आणि स्वतःहून पहिला वार न करता त्याच्याशी लढावे. त्याचे वार आता सुटे सुटे दिसू लागले असतील, तर गेमविषयीचे मत बनवायला तिथून सुरुवात करावी.