बॅटर संपला, असे म्हणण्याआधी या चुका टाळा

२००९ चा मे महिना संपला तेव्हा बॉस्टन रेड सॉक्स या अमेरिकी बेसबॉल संघाच्या डेव्हिड ओर्टीझची सरासरी (चेंडू मारून सुखरूप बेसवर पोहोचण्याचे, म्हणजे हिटचे प्रमाण) ०.१८५ होती आणि दोन महिन्यांच्या खेळात त्याच्या नावावर एकच होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) होता, तोही २० मे रोजी टोरंटो ब्लू जेजविरुद्ध मारलेला. वय ३३, अंगकाठी जड, आदल्या वर्षी डाव्या मनगटाला झालेली दुखापत; शहरात त्याचा निकाल लागून गेला होता. बॉस्टनजवळ राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या चहाच्या बैठकीतही तो लागला आणि तो लावणाऱ्यांत प्रस्तुत लेखक पुढे होता. उरलेल्या चार महिन्यांत ओर्टीझने २७ होम रन मारले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्याची सरासरी ०.१४३ वर घसरली, आम्ही पुन्हा तोच निकाल दिला आणि त्याने हंगामाअखेर ३२ होम रन व १०२ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर संघाला मिळालेल्या धावा) अशी नोंद केली.

दोन्ही वेळा आम्ही पाहिलेले आकडे खरे होते. ते जे सांगू शकत नव्हते, ते आम्ही त्यांच्याकडून वदवून घेतले. वय झालेल्या बॅटरच्या बाबतीत ही चूक फार सहज होते, कारण तरुण खेळाडूचे दोन महिने वाईट गेले तर आपण कारण शोधतो आणि ज्येष्ठाचे गेले तर कारण आधीच तयार असते.

शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण एका पातेल्यातला भात सारखाच शिजतो. १६२ सामन्यांचा हंगाम तसा शिजत नाही. ज्याची खरी कुवत ०.२७० आहे अशा बॅटरच्या कोणत्याही १०० अ‍ॅट-बॅट (सरासरीच्या हिशेबात धरल्या जाणाऱ्या बॅटिंगच्या खेपा) उचलल्या, तर त्याच्या खेळात काडीचाही फरक पडलेला नसताना केवळ योगायोगाने साधारण सहापैकी एका वेळी त्याची सरासरी ०.२२६ च्या खाली दिसेल आणि जवळपास तितक्याच वेळा ०.३१४ च्या वर. मेजर लीग या अमेरिकेतल्या मुख्य स्पर्धेत संघ ३० आहेत आणि प्रत्येकात एखाददुसरा ज्येष्ठ बॅटर असतोच, म्हणजे दर वर्षी एप्रिलअखेर चार-पाच जण निव्वळ गणिताच्या नियमाने ‘संपलेले’ दिसणार आणि तितकेच ‘पुन्हा तरुण झालेले’ दिसणार. सरासरी हा फार उशिरा स्थिरावणारा आकडा आहे; एका हंगामाच्या सरासरीवरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. उलट, बॅटर किती वेळा स्ट्राइकआउट होतो (तीन स्ट्राइक होऊन बाद होतो) हे प्रमाण प्लेटवरच्या, म्हणजे बॅटिंगच्या, साठेक खेपांनंतरच बरेचसे स्थिर होते आणि वॉकचे (चार बाहेरचे चेंडू सोडून फुकट बेस मिळण्याचे) प्रमाण त्याच्या साधारण दुप्पट खेपांनंतर. त्यामुळे मे महिन्यात एखाद्याची सरासरी पडलेली दिसली तर पहिल्याने हे दोन आकडे तपासावेत. ते जागच्या जागी असतील तर निकाल जून-जुलैपर्यंत पुढे ढकलण्यात कोणाचेही काही बिघडत नाही.

मात्र हाच युक्तिवाद दुसऱ्या टोकालाही नेला जातो. ओर्टीझच्या त्या दोन महिन्यांत पावणेदोनशेच्या आसपास अ‍ॅट-बॅट झाल्या असे धरले, तर ०.२७० च्या कुवतीचा बॅटर केवळ दुर्दैवाने ०.१८५ वर येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी निघते. म्हणजे तेव्हा काहीतरी खरोखरच बिघडले होते. आमचा दोष हा, की ‘बिघडले आहे’ या वाक्यातून आम्ही थेट ‘दुरुस्त होणार नाही’ या वाक्यावर उडी मारली.

आणि कधीकधी ते खरोखर दुरुस्त होत नाही. बाल्टिमोर ओरिओल्सच्या ख्रिस डेव्हिसने २०१३ मध्ये ५३ होम रन मारले होते आणि २०१६ च्या हंगामाआधी त्याच्याशी सात वर्षांचा १६.१ कोटी डॉलरचा करार झाला. २०१८ मध्ये त्याची सरासरी ०.१६८ झाली आणि दर तीन खेपांत एकाहून अधिक वेळा तो स्ट्राइकआउट होत होता. २०१८ च्या अखेरीपासून २०१९ च्या एप्रिलपर्यंत सलग ५४ अ‍ॅट-बॅटमध्ये त्याला एकही हिट मिळाला नाही आणि पिचर (चेंडू टाकणारे) सोडून इतर खेळाडूंत हा विक्रम ठरला. ‘ओर्टीझही असाच अडकला होता’ म्हणून जे थांबून राहिले, त्यांना २०१९ अखेर ०.१७९ पाहावे लागले. तेव्हा एका खेळाडूच्या पुनरागमनाचा दाखला दुसऱ्याला लावू नये. दोघांच्या आकड्यांत साम्य सरासरीचे होते, परंतु डेव्हिसची घसरण दोन महिन्यांची नसून वर्षांची होती.

क्रिकेटची नजर आणि आरबीआयची भूल

क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांची एक खास चूक आहे. क्रिकेटमध्ये सरासरी म्हणजे दर बाद होण्यामागे धावा, त्यामुळे ती एका आकड्यात बरेच काही सांगते. बेसबॉलची सरासरी म्हणजे अ‍ॅट-बॅटच्या तुलनेत हिट किती, एवढेच. तिच्या हिशेबात एकेरी हिट आणि होम रन यांचे मोल एकच असते आणि वॉक तर अ‍ॅट-बॅटमध्ये मोजलाच जात नाही. वय वाढले की अनेक बॅटर हिट गमावतात, परंतु त्यांची नजर शाबूत असल्याने वॉक घेत राहतात, म्हणजेच बाद न होता बेसवर पोहोचतात. अशा खेळाडूला सरासरीने मोजणे म्हणजे त्याने मिळवलेल्यातले अर्धेच मोजणे होय. त्यासाठी ऑन-बेस टक्केवारी (बाद न होता बेसवर पोहोचण्याचे प्रमाण) आणि स्लगिंग (दर अ‍ॅट-बॅटमागे हिटने मिळवलेले बेस) हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

आरबीआयची भूल याहून मोठी आहे आणि तिचे २०१७ मधील अल्बर्ट पुहोल्सइतके बोलके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. लॉस एंजेलिस एंजल्सकडून खेळताना ३७ वर्षांच्या पुहोल्सने त्या वर्षी २३ होम रन मारले आणि १०१ आरबीआय नोंदवले. शंभरी गाठली म्हटल्यावर अजून काय हवे, असे म्हणणारे पुष्कळ होते. परंतु त्याची ऑन-बेस टक्केवारी ०.२८६ होती, म्हणजे शंभर खेपांतून सुमारे ७१ वेळा त्याने संघाचा एक आउट खर्च केला, आणि त्या वर्षी साऱ्या लीगची ऑन-बेस टक्केवारी ०.३२४ होती. एकूण योगदान मोजणाऱ्या वॉर या मापात तो शून्याच्याही खाली गेला. मग १०१ आरबीआय आले कुठून? त्याच्या आधी फलंदाजीला येणारा माइक ट्राउट शंभरातून ४४ वेळा बेसवर पोहोचत होता. पंगत दुसऱ्याने मांडून ठेवली होती, याने वाढपाचे काम केले. आरबीआय पाहताना बॅटरच्या आधी कोण खेळतो, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला हात लावू नये.

त्याच पुहोल्सने २०२२ मध्ये, ४२ व्या वर्षी, सेंट लुईस कार्डिनल्सकडे परतून ०.२७० ची सरासरी राखली, २४ होम रन मारले आणि ७०३ होम रनवर कारकीर्द संपवली. हंगामाच्या मध्यावरच्या ऑल-स्टार विश्रांतीपर्यंत तो ०.२१५ वर होता. येथे दोन गोष्टी विसरल्या जातात. एक म्हणजे काळ: साऱ्या लीगची सरासरी २००० मध्ये ०.२७० होती, ती २०२२ मध्ये ०.२४३ वर आली होती, त्यामुळे एकच आकडा एका वर्षी सामान्य ठरतो आणि दुसऱ्या वर्षी चांगलाच वरचा. ऑन-बेस व स्लगिंग एकत्र करून लीगची पातळी १०० धरणारे ओपीएस प्लससारखे माप वापरले की ही अडचण उरत नाही, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हरसारख्या मैदानात चेंडू जास्त लांब जातो, त्याचीही वजावट त्यात होते. दुसरी गोष्ट म्हणजे वापर. कार्डिनल्सनी त्याला रोज खेळवले नाही. डावखुरे पिचर समोर असताना त्याला जास्त संधी दिली. रोज खेळणारा पुहोल्स आणि निवडून खेळवलेला पुहोल्स हे हिशेबापुरते दोन वेगळे बॅटर आहेत. म्हणून एकूण आकडा पाहून झाल्यावर डावखुऱ्या व उजव्या पिचरविरुद्धचे आकडे वेगळे काढून पाहावेतच.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

टीव्हीवर पाहताना सर्वांत जास्त फसवणारी चूक ही आहे. ज्येष्ठ बॅटर जमिनीवर आपटणाऱ्या स्लायडरवर (शेवटी वळणाऱ्या चेंडूवर) वेड्यासारखी बॅट फिरवताना दिसतो आणि ‘नजर गेली’ असे आपण म्हणतो. पुष्कळदा नजर ठीक असते आणि गेलेली असते ती बॅटची गती. ताशी ९५ मैल, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर वेगाने येणाऱ्या फास्टबॉलला पोहोचायला उशीर होऊ लागला, की तो बॅटर निर्णय आधी घेऊ लागतो. आणि निर्णय आधी घेतला, की शेवटच्या क्षणी वळणारा चेंडू ओळखायला वेळ उरत नाही. रोग फास्टबॉलमध्ये असतो, लक्षण स्लायडरवर दिसते.

हे घरबसल्या तपासता येते. डावखुरा बॅटर असेल तर वेगवान चेंडूवरचे त्याचे फाउल (रेषेबाहेर गेलेले फटके) कोणत्या बाजूला जात आहेत, ते पाहावे. ते सातत्याने तिसऱ्या बेसच्या बाजूच्या (बॅटिंगच्या जागेवरून मैदानाकडे पाहता डावीकडच्या) प्रेक्षकांत जात असतील तर बॅट उशिरा पोहोचते आहे. पहिल्या बेसच्या बाजूला जोरात जात असतील तर तो वेळेत आहे, किंबहुना थोडा लवकरच. उजव्या बॅटरसाठी हेच उलट वाचावे. एका सामन्यावरून नव्हे, पण दोन-तीन आठवडे हे पाहिले तर सरासरीपेक्षा लवकर उत्तर मिळते. याला जोड म्हणून स्टॅटकास्ट या मोजमाप यंत्रणेचे आकडे आहेत, जे २०१५ पासून सर्व ३० मैदानांवरून मोजले जातात: बॅटवरून चेंडू किती वेगाने सुटला, ताशी ९५ मैलांहून जोरात किती चेंडू मारले आणि, २०२४ पासून, खुद्द बॅटचा वेग, ज्याची लीगमधली सरासरी ताशी ७२ मैलांच्या आसपास आहे. सरासरी पडली पण फटक्यांचा जोर तोच असेल, तर चेंडू क्षेत्ररक्षकांच्या हातात जात आहेत एवढेच झाले. जोरच उतरला असेल तर काळजी रास्त आहे.

क्षेत्ररक्षकांवरून एक सूचना. २०२३ पासून दुसऱ्या बेसच्या प्रत्येक बाजूला दोन इनफिल्डर (बेसजवळचे क्षेत्ररक्षक) ठेवणे बंधनकारक झाले. त्यापूर्वी ओर्टीझसारख्या डावखुऱ्या, संथ धावणाऱ्या बॅटरांसमोर तीन-तीन जण उजवीकडे उभे करून त्यांचे हिट खाल्ले जात. अशा खेळाडूची २०२२ ची आणि २०२३ ची सरासरी सरळ शेजारी ठेवून ‘सुधारला’ म्हणू नये.

कराराच्या रकमेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पुहोल्सला एंजल्सनी दहा वर्षांसाठी देऊ केलेले २४ कोटी डॉलर तो आज कसा खेळतो याचे माप नव्हते. ते २०११ मधल्या अपेक्षांचे माप होते. प्रश्न एवढाच असतो, की त्याच्या जागी आज जो उपलब्ध आहे तो अधिक चांगला आहे का. सत्ताविसाव्या वर्षीचा तोच खेळाडू उपलब्ध नसतो.

शेवटी शरीर. ‘वय झाले’ म्हणताना आपण संपूर्ण माणूस एकदम म्हातारा झाला असे धरतो, आणि शरीर तसे चालत नाही. २०१६ मध्ये ४० वर्षांच्या ओर्टीझने ०.३१५ सरासरी, ३८ होम रन, १२७ आरबीआय आणि ४८ डबल (दोन बेस मिळवून देणारे हिट) अशी कामगिरी केली. सात वर्षे आम्ही त्याच्या हातांकडे आणि बॅटकडे डोळे लावून बसलो होतो. त्या हंगामानंतर तो निवृत्त झाला तो दुखऱ्या पावलांमुळे.