एटीकेटी, भूतपूर्व आणि परतीचा प्रवेश : इंदूरमधला माझा अनुभव

रामबागेतल्या आमच्या घरी 'मुलगा राहिला' एवढ्या दोन शब्दांत सगळे प्रकार मावत असत. विद्यापीठाच्या लेखी मात्र ते निरनिराळे असतात, आणि आपण कोणत्या प्रकारात मोडतो हे वेळेवर न कळल्यामुळे माझे एक वर्ष वाया गेले.

पहिल्या वर्षी सांख्यिकीत माझी एटीकेटी लागली, म्हणजे वरच्या वर्गात प्रवेश मिळाला, पण तो विषय पुन्हा देणे शिल्लक राहिले. त्यासाठी वर्गात बसावे लागत नसले तरी परीक्षेचा अर्ज आणि शुल्क वेगळे भरावे लागते. नियमित अर्जातच तो विषय आपोआप धरला जाईल, अशा समजुतीत मी राहिलो आणि मुदत टळली. किती विषयांपर्यंत ही सवलत मिळते आणि अंतर्गत मूल्यांकनाचे जुने गुण कायम राहतात का, हे आपल्या अभ्यासक्रमाच्या अध्यादेशातच (म्हणजे विद्यापीठाच्या छापील नियमांत) वाचावे. वरच्या वर्गातल्या मुलांचे ऐकू नये, कारण ते सांगतात तो नियम बहुधा त्यांच्या तुकडीचा असतो.

दुसऱ्या वर्षी वडिलांच्या आजारपणात माझी हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली. अर्जावर नियमित, स्वाध्यायी (वर्गात न बसता घरी अभ्यास करून परीक्षा देणारा) आणि भूतपूर्व असे रकाने होते; मी भूतपूर्ववर खूण केली आणि अर्ज परत आला. वर्ग पूर्ण करून परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला विद्यार्थी भूतपूर्व म्हणून नुसती परीक्षा देऊ शकतो. ज्याची हजेरीच भरलेली नाही, त्याला ते वर्ष नियमित विद्यार्थी म्हणून पुन्हा करावे लागते, हे मला खिडकीपाशी उभे असताना समजले. वैद्यकीय कागद मी निकालानंतर नेले होते. ते आजारपण चालू असतानाच द्यायला हवे होते.

माझ्या मावसबहिणीने पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवले, पण रीतसर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार ४० श्रेयांक (क्रेडिट्स) आणि कामाशी निगडित आणखी ४ श्रेयांक मिळवून बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते, तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि पदवी एकूण सात वर्षांत पुरी करावी लागते. नुसते कॉलेजला जाणे बंद करणे म्हणजे हे बाहेर पडणे नव्हे (आमच्या ओळखीत हा घोळ दोघांनी घातला). निघण्यापूर्वी तिने आपले श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (विद्यार्थ्यांचे श्रेयांक साठवणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेच्या) खात्यात जमा झालेले स्वतः पाहिले होते, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला होता. दोन वर्षांनी परतल्यावर कार्यालयात तिचा मूळ अर्ज सापडेना, तेव्हा तिचा प्रवेश त्या प्रतीवरच झाला.