साप आणि हॅमस्टर एकाच खोलीत: कोल्हापुरातल्या घरासाठी तयारीची यादी

आधी घरातली दारं मोजा. साप आणि हॅमस्टर यांच्यामध्ये नीट बंद होणारं एक दार बसत असेल, तर एकाला हॉलमध्ये ठेवा, दुसऱ्याला बेडरूममध्ये, आणि यातली अर्धी यादी सोडून द्या. पण राजारामपुरीतला वन बीएचके असो की मंगळवार पेठेतली भावाभावांनी वाटून घेतलेली एकच खोली, तिथं हे जमत नाही. त्यात थोरल्यानं बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) आणला की धाकटीला हॅमस्टर हवाच असतो. ही यादी अशा घरांसाठी. माझं मत आधीच सांगतो: एका खोलीत दोघं राहू शकतात, पण प्रत्येक गोष्ट उंदराच्या बाजूनं ठरवायची (हॅमस्टर, गिनीपिग, पांढरा उंदीर, सगळ्यांना इथं उंदीरच म्हणतो). शेजारी उंदीर असला तर सापाची फार तर भूक चाळवते. शेजारी साप असला तर उंदीर दिवसरात्र जीव मुठीत धरून बसतो.

प्राणी घरात येण्याआधी कागद तयार हवेत. धामण, दिवड, मांडूळ, अजगर, आपल्या मातीतला कुठलाही साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे, मग तो पिल्लू असताना शेतात सापडलेला असला तरीही. पाळायचा तो परदेशी जातीचाच. बॉल पायथन साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ ची कायदादुरुस्ती आणि त्यानंतरचे २०२४ चे नियम यांमुळे अशा प्राण्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते आणि तो दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला तरी कळवावं लागतं. विकणारा ‘कागदाचं नंतर बघू’ म्हणाला तर तिथूनच परत फिरा. हॅमस्टर, गिनीपिग, पांढरे उंदीर यांना ही भानगड नाही. मात्र नर आणि मादी एकत्र आणू नका. उंदरीण जेमतेम तीन आठवड्यांत विते आणि मग मोजत बसावं लागतं.

आता खोलीची मांडणी. खरं काम इथंच आहे. बहुतेक जण समजतात की काच मध्ये असली की झालं. उंदराला सापाचा वास पुरतो, साप दिसायची गरज नसते. साप जीभ बाहेर काढून हवेतला वास टाळूतल्या जेकबसन इंद्रियापर्यंत नेतो, त्यामुळे त्यालाही काचेचा अडसर नाही, कारण वरची जाळी उघडीच असते. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात. ही उष्णता साध्या काचेतून आरपार जात नाही, जाळीतून जाते. म्हणून पेटी निवडताना पुढून काच, वरून बंद आणि बाजूला हवेची भोकं असलेली घ्या आणि ती भोकं पिंजऱ्याच्या विरुद्ध दिशेला करा. कॉर्न स्नेकला (पाळला जाणारा दुसरा परदेशी साप) अशा खाचा नसतात, पण वासात तोही कमी नाही.

दोघांना एका टेबलावर किंवा एकाच मांडणीच्या दोन फळ्यांवर ठेवू नका. उंदरांची चींचीं सापाला ऐकू येत नाही, तो फक्त खालच्या पट्टीतले आवाज टिपतो. पण हॅमस्टर रात्रभर चाकावर पळतो आणि ती थरथर लाकडातून थेट सापाच्या पोटाखाली पोचते. खोलीच्या समोरासमोरच्या भिंती घ्या, मध्ये कपाट येत असेल तर उत्तम, आणि साप खाली, पिंजरा वर अशी उतरंडही नको. उंदराच्या पिंजऱ्याच्या तीन बाजू झाका आणि आत लपायला जागा द्या. पंखा आणि खिडकी कशी आहे ते उदबत्ती लावून एकदा बघा, धूर कुठून कुठं जातो ते कळेल. (ही चाचणी प्राणी येण्याआधीच करायची. नंतर त्या खोलीत उदबत्ती, धूप, मच्छरची कॉइल, फवारे सगळं बंद. साप आणि उंदीर दोघांचीही फुप्फुसं नाजूक.) वारा कुणाकडूनही दुसऱ्याकडे थेट जाता कामा नये.

तापमानाचा तिढा मात्र पूर्ण सुटत नाही. बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश हवेत, दुसऱ्या टोकाला २६-२७. गिनीपिग आणि हॅमस्टर २० ते २४ अंशांत खूश असतात आणि तिशीच्या पुढं गिनीपिगला उष्माघात होऊ शकतो. म्हणजे खोली थंड ठेवायची आणि सापाला पेटीतच ऊब द्यायची. एप्रिलमध्ये कोल्हापुरात वरच्या मजल्यावरची स्लॅबची खोली दुपारी भट्टीसारखी तापते, तेव्हा पिंजऱ्याचा कोपराच बदलावा लागतो. हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई) थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आवरणारं यंत्र) लावू नका, साप भाजतो आणि हलतही नाही. वायरी उंदराच्या दातांपासून दूर, प्लास्टिकच्या पट्टीतून न्या. लाइट जाते तेव्हा थर्मोस्टॅट इन्व्हर्टरवर आहे ना ते बघा.

कुलूप लावा. क्लिप आणि कुलूप यांत फरक आहे, आणि साप क्लिप नाकानं ढकलून उघडतो. जिथं डोकं जातं तिथं अख्खा साप जातो. पिंजऱ्याच्या सळ्यांमधून तो सहज आत शिरतो, आतला हॅमस्टर गिळतो आणि फुगल्यावर त्याच सळ्यांतून बाहेर येता येत नाही म्हणून आतच बसतो. म्हणून उंदरासाठी सळ्यांचा पिंजरा न घेता बारीक जाळीच्या झाकणाची बंद पेटी घ्या, आणि तिलाही कडी. पिंजऱ्यात वखारीतला भुसा घालू नका, कुठल्या लाकडाचा आहे कळत नाही आणि धूळ भरपूर. कागदाचं बेडिंग घ्या आणि मुताचा वास यायच्या आधी बदला. तो अमोनिया दोघांनाही बाधतो.

सापाच्या जेवणाचं काय, ते ठरवून मगच साप आणा. जिवंत उंदीर सोडायचा नाही. घाबरलेला उंदीर चावतो आणि सापाला खोल जखमा होतात, शिवाय ते बघणं कुणाला करमणूक वाटत असेल तर त्याने साप पाळूच नये. गोठवलेले उंदीर घ्यायचे, त्यासाठी वेगळा छोटा डीप फ्रीझर. हे आईला आधी सांगा. घरातल्या फ्रीजमध्ये श्रावणात आंबोळीच्या पिठाशेजारी उंदराची पिशवी निघाली तर साप, फ्रीज आणि तुम्ही तिघंही बाहेर. उंदीर कोमट पाण्यात वितळवायचा, मायक्रोवेव्हमध्ये नाही, आणि हे काम दुसऱ्या खोलीत करायचं. चिमट्यानं भरवायचं. सापळ्यात पकडलेला घरचा उंदीर कधीही देऊ नका. त्यानं शेजारच्याचं विष खाल्लेलं असेल तर ते सापाच्याही पोटात जातं. मोठा बॉल पायथन हिवाळ्यात कित्येकदा महिनेमहिने खात नाही. वजन उतरत नसेल तर घाबरू नका, पण शेजारच्या वासानं सतत काचेवर झडप घालत असेल तर खोली बदला.

हाताचा क्रम लिहून भिंतीवर लावा. सकाळी उंदरांचं सगळं उरकायचं, मग आंघोळ, शर्ट बदलायचा, आणि साप संध्याकाळी. उंदराचा वास लागलेला हात सापाला घास वाटतो, सापाचा वास लागलेला हात हॅमस्टरला मृत्यू वाटतो आणि तोही चावतो. दोघांकडूनही साल्मोनेला (जुलाब-तापाचे जंतू) येऊ शकतो, म्हणून भांडी, पाण्याच्या वाट्या स्वयंपाकघरात धुवायच्या नाहीत, आणि पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांच्या हातात कुणालाही द्यायचं नाही. नवा साप आला तर आधी दोन-तीन महिने दुसऱ्या खोलीत ठेवा. सापाच्या गोचिड्या एका पेटीतून दुसऱ्या पेटीत कधी जातात ते कळत नाही.

नागपंचमीला शेजारच्या काकू दूध आणि लाह्या घेऊन येणार, हे गृहीत धरा. साप दूध पीत नाही, हे त्यांना प्रेमानं सांगायची जबाबदारी कुणाची ते आधी ठरवा.

पावसाळ्याची तयारी वेगळी. उंदीर पाळलेल्या तळमजल्यावरच्या घरात त्या वासानं बाहेरचा साप येऊ शकतो. तुमचा साप पळाला आहे आणि कपाटाखाली काहीतरी सळसळतंय, अशा रात्री ‘आपलाच असेल’ म्हणून हात घालू नका. तो मण्यार किंवा घोणसही असू शकतो. आधी पिंजरे खोलीबाहेर न्या, मग टॉर्चनं बघा, आणि ओळख पटली नाही तर वनविभागाच्या १९२६ वर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करा. चावला तर गावठी उपाय नको, सरळ सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) गाठा. आपला साप शोधायचा असेल तर उंबऱ्यावर बारीक पीठ भुरभुरा आणि सकाळी माग बघा. ऊब असते तिथंच तो सापडतो, फ्रीजच्या मागं किंवा इन्व्हर्टरजवळ. शेजाऱ्यांना त्याचा फोटो आधीच दाखवून ठेवा, नाहीतर शोध लागायच्या आधी काठी लागते.

पंचगंगेजवळच्या सखल भागात राहत असाल तर जूनमध्येच दोन वेगळे प्रवासी डबे तयार ठेवा: सापासाठी जाड कापडी पिशवी आणि तिला मावेल असा भोकांचा डबा, उंदरांसाठी कुरतडता न येणारा डबा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात घर सोडताना ज्यांच्याकडे मांजर होतं त्यांचीही तारांबळ झाली होती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. तुम्ही ३९ ला निघायचं. आणि ज्या मावशीकडे किंवा मित्राकडे जायचं त्यांना डब्यात काय आहे ते आत्ताच फोन करून सांगा. भरपावसात त्यांच्या दारात उभं राहून सांगायला गेलात तर एक डबा आत जाईल, दुसऱ्यासाठी पुन्हा कोण घेतंय ते शोधत फिराल.