दोरात बांधून घेण्याआधी: मोहिमेतल्या सोबत्यांची ओळख कशी करून घ्यावी

मनालीजवळच्या ६,००१ मीटर उंचीच्या देव तिब्बाला निघालेले आठ-दहा जण एकाच क्लबचे असले, तरी एकमेकांना बहुधा रविवारच्या ट्रेकपुरतेच ओळखत असतात. रविवारचा माणूस पोटभर जेवलेला आणि रात्री घरी पोहोचणारा असतो. ओळख हवी ती गारठलेल्या, झोप न झालेल्या माणसाची. विरळ हवेचा त्रास सुरुवातीला स्वभाव बदलल्यासारखा दिसतो. बडबड्या गप्प होतो, शांत माणूस वसकन अंगावर येतो, नीटनेटका माणूस बुटाची नाडी न बांधताच तंबूबाहेर पडतो. मूळ वागणं ठाऊक असेल तरच हा फरक जाणवतो.

सह्याद्रीत दोन रात्री

निघण्याआधी दोन-तीन महिने एक सराव असा ठेवा की मुक्काम दोन रात्रींचा होईल. एका रात्रीत काही कळत नाही, कारण पहिल्या दिवशी सगळेच उत्साहात असतात. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, पाठीवर १२ ते १५ किलो. दुसऱ्या रात्री तंबूतल्या जोड्या बदला. पहाटे साडेचारला स्टोव्ह पेटवून पाचला निघायचं ठरवा आणि घड्याळ लावा. एकाला सॅक भरायला २० मिनिटं लागतात, दुसऱ्याला ५०. इथे त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण वर तेवढा वेळ बाकीचे क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाखाली लावायचे धातूचे काटे) चढवून थंडीत उभे राहतात आणि त्यांचे पाय बधिर होतात. म्हणून संथ माणसाला आधी उठवायचं, हे सरावातच ठरून जातं.

कोण पाणी प्यायला विसरतो, कोण घोरतो, कोण ‘दमलो’ म्हणतच नाही, हेही टिपा. यातला तिसरा माणूस सर्वांत जास्त जपायचा.

दोरावरची हाक

क्लबागणिक हाका वेगळ्या असतात. कुणी ‘टाइट’ म्हणतं, कुणी ‘दोर ओढ’. एकच संच ठरवा आणि प्रत्येक हाकेआधी नाव घ्या. शेजारच्या दोरावरचा ‘ऑफ बिले’ (म्हणजे ‘आता माझा दोर धरायची गरज नाही’) आपलाच समजून दोर सोडला, तर वरचा माणूस विनाआधार राहतो. संघात दोन अमोल असतील तर एकाचं आडनाव वापरा. वारा असला की शब्द पोहोचत नाहीत, म्हणून दोराला किती झटके म्हणजे काय, तेही पाठ करून घ्या.

विचारायला अवघड, पण विचारायचंच

प्रत्येकाचं एक कार्ड करा: रक्तगट, ॲलर्जी, दमा, चालू औषधं, आधी किती उंचीवर झोपलाय, तेव्हा काय त्रास झाला, घरी आधी कुणाला फोन करायचा. डायमॉक्स, म्हणजे विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी, कोण घेणार, हे तंबूतल्या जोडीदाराला माहीत हवं. त्या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि हिमदंशाची सुरुवातही तशीच वाटू शकते. सल्फाची ॲलर्जी असेल तर गोळीबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. पाळीच्या तारखाही मोकळेपणाने बोला, म्हणजे सामान आणि तंबूची सोय आधी होते.

उपवास हा आपल्याकडचा खास मुद्दा. संकष्टी चंद्रोदयाला सुटते आणि तो रात्री बऱ्याच उशिरा होतो. शिखरचढाईच्या आदल्या दिवशी सातच्या आत जेवून झोपायचं असतं, कारण मध्यरात्रीनंतर निघायचं असतं. पंचांग आणि मोहिमेचं वेळापत्रक शेजारी ठेवा, तारखा जुळत असतील तर घरीच निर्णय घ्या. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, हे स्वयंपाक्याला सामान खरेदीआधी सांगा.

स्वयंपाकी आणि गाईड हेही संघातलेच. पहिल्याच दिवशी नाव आणि गाव विचारा. शेर्पांची नावं अनेकदा जन्मवारावरून असतात: दावा सोमवारचा, पासांग शुक्रवारचा, पेम्बा शनिवारचा. त्यामुळे एका मोहिमेत दोन पासांग सहज भेटतात, तेव्हा पूर्ण नाव लक्षात ठेवा.

बेस कॅम्पवर रोज संध्याकाळी

प्रत्येकाने आपली नव्हे, जोडीदाराची नाडी आणि ऑक्सिजन मोजून वहीत लिहावं. मग डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर याबद्दल विचारावं. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला लावा. ही चाचणी पुण्या-मुंबईत सपाट जमिनीवर आधीच करून ठेवा, म्हणजे एखाद्याचा तोल मुळातच कच्चा आहे का ते कळतं. वर आल्यावर नव्याने झोक जायला लागला, तर सकाळची वाट न बघता, सोबत देऊन, त्याला खाली उतरवायचं.

बैठकीत सर्वांत नवख्याला आधी बोलू द्या. ‘दादा’ बोलून गेल्यावर धाकटे विरोध करत नाहीत आणि डोकं दुखत असल्याचं लपवतात. शिखराच्या आदल्या बैठकीत प्रत्येकाला एकच विचारा: तू ठणठणीत आहेस, शिखर दोन तासांवर आहे, पण तुझ्या दोरावरच्या जोडीदाराला परतावं लागतंय, तर उतरशील? जो अडखळेल त्याला दोघांच्या दोरावर घेऊ नका. मग परत फिरायची वेळ ठरवा, वहीत लिहा आणि ती वही खाली थांबणाऱ्याकडे द्या.